पुलाखालच्या बायबलबाई

बायबलबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे बघायच्या. लग्न होऊन मी सटाण्याहून नाशिकला आले, तेव्हा पहिल्याच रविवारी उपासनेनंतर देवळाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पायरीवर त्यांची माझी गाठ पडली. मी नवी सून. मंडळीतल्या बायका माझं नाक, डोळे, साडीचा काठ असं सगळं न्याहाळत होत्या. या मात्र खाली बघून म्हणाल्या, "टाचंला भेग पडलीय. रातच्याला खोबऱ्याचं तेल लाव." मग वर बघून, "सलाम. सुधीरची बायको ना तू? मास्तरीण?"

मला मनातून रागच आला. चार बायकांत टाचेच्या भेगेचा काय विषय? घरी आल्यावर सुधीरला विचारलं, ही बाई कोण? तो हसला. म्हणाला, "आमच्या बायबलबाई. त्यांनी पाय बघितले म्हणजे तुझं नाव मंडळीत दाखल झालं."

बायबलबाई हा खरं तर हुद्दा. मिशनच्या काळात घरोघर जाऊन बायकांना वचन वाचून दाखवायला, अक्षरओळख करून द्यायला अशा बाया नेमलेल्या असत. पुढे गोरे साहेब मायदेशी परतले, नेमणुका संपल्या, बाकीच्या बाया आपापल्या मुलांकडे गेल्या. या मूळच्या सायखेड्याच्या, तरुणपणीच विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. देवळामागच्या एका खोलीत राहत होत्या त्या तिथेच राहिल्या आणि काम करत होत्या ते करतच राहिल्या. वाचताना त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं स्वच्छ, आणि पुस्तक मिटलं की पुन्हा गोदाकाठचं. त्यांचं खरं नाव अंजनाबाई होतं, हे मला त्यांच्या शवपेटीवरच्या पाटीवरून कळलं.

आमची मंडळी लहान. तीस-पस्तीस घरं असतील. बहुतेक शिक्षक, कारकून, नर्स, आणि सुधीरसारखे ओझरच्या कारखान्यात जाणारे. या एवढ्याशा मंडळीला बाईंनी एक काम लावून दिलं होतं. गोदावरीच्या जुन्या पुलाखाली महारोग्यांच्या दहा-बारा झोपड्या होत्या. दिवसा ती माणसं घाटावर बसून भीक मागत. दर मंगळवारी सकाळी आमचे लोक तिथे जाऊन त्यांच्या जखमा धूत आणि पट्ट्या बांधत. सोमवारी संध्याकाळी बायकांची प्रार्थनासभा असे. तिथे प्रत्येकीने घरातलं जुनं धोतर, चादर, सुती साडी उकळून, वाळवून आणायची आणि पट्ट्या फाडायच्या. एकीची प्रार्थना चाललेली असताना बाकीच्यांचं कापड फाडणं चालूच. मला ते विचित्र वाटलं. देवासमोर हात जोडून बसावं, अशी माझी शिकवण. मी हात जोडून बसले, तर बाईंनी माझ्या मांडीवर एक धोतर टाकलं. "डोळे मीट, हात चालू दे. देवाला आवाजाचा तरास होत नाय."

पट्ट्या फाडण्यापर्यंत माझी तयारी होती. पुलाखाली जायची नव्हती. एकदाच गेले, सुधीरने आग्रह केला म्हणून. उन्हं नुकतीच पाण्यावर आली होती. एका चुलीवर पातेल्यात पाणी उकळत होतं, माणसं ओळीने दगडांवर बसली होती आणि बाई लाकडी पाटावर बसून एकेकाचा पाय मांडीवर घेत होत्या. खालून फडकं घातलेलं असे, पण पाय मांडीवरच. मला वास सहन होईना. मी लांब उभी राहिले. ओळीतला एक माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तू कोनता गावनी शे? मी सटाणाना. कांदास्ना बाजारमा हमाल व्हतू."

माहेरची बोली. लग्नानंतर वर्षभर ती माझ्या कानावर पडली नव्हती. मी काय करावं? मी म्हणाले, "मी इथलीच." आणि तोंड फिरवून नदीकडे बघत राहिले.

त्या माणसाचं नाव वामन. दोन्ही हातांची बोटं झडलेली, एका पायाला जुनी जखम. तो बाईंचा लाडका होता असं नाही. बाईंचं कुणीच लाडकं नव्हतं. पण तो बोलका होता, ओळीत कुणाचा नंबर आधी यावरून भांडण झालं तर मिटवायचा, आणि बाई यायच्या आत पाणी चुलीवर चढवून ठेवायचा.

पुलाखाली बाईंचा एक नियम होता. जखम धुताना वचन सांगायचं नाही. एकदा बाहेरगावाहून एक उपदेशक पाहुणे आले होते. भरदार आवाजाचे, हातात मोठं बायबल. ते ओळीसमोर उभे राहून सुरू करणार, तोच बाईंनी त्यांच्या हातात बादली दिली. "भाऊसाहेब, एवढं घाण पाणी तिकडं वतून या." ते आले, तर दुसरी बादली. असं पाच-सहा वेळा झालं. शेवटी ते चिडून म्हणाले, "बाई, मी सेवेला आलोय." बाई म्हणाल्या, "मंग ही काय हाय? आवो, त्याचा पाय माझ्या हातात हाय. त्याला उठून जाता येत नाय. आडवलेल्या माणसाला देव सांगू नये. पट्टी बांधून झाल्यावर त्यो आपल्या पायानं आला, तर सांगू."

वामन आपल्या पायाने आला. जखम भरत आली होती. म्हणाला, मला बाप्तिस्मा द्या. उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांना आनंद झाला. बाईंनी मात्र त्याला परत पाठवलं. "दोन वर्षं थांब. पट्टीच्या उपकारापायी देव बदलू नको. पट्टी तुला तशीही मिळंल." तो दोन वर्षं दर रविवारी देवळाच्या दाराबाहेर, चपला ठेवतात तिथे बसून उपासना ऐकायचा. आत या म्हटलं तरी यायचा नाही. दोन वर्षं झाल्यावर पुन्हा म्हणाला, आता द्या. डॉक्टरांनी त्याला तपासून कागद दिला होता, की आजार आटोक्यात आहे, आता याच्यापासून कुणाला लागण होणार नाही. त्याचा बाप्तिस्मा झाला.

आणि मग खरी अडचण उभी राहिली. बाप्तिस्मा झाला म्हणजे प्रभुभोजनाचा हक्क आला. आमच्याकडे प्रभुभोजनाला द्राक्षारसाचा एकच पेला. गुडघे टेकून ओळीने बसायचं आणि तोच पेला सगळ्यांच्या ओठांना लागायचा. पट्ट्या फाडणाऱ्या बायका, बादल्या वाहणारे पुरुष, सगळेच आपसांत कुजबुजायला लागले. उघड कुणी बोलेना. बोलल्या त्या लीलावहिनी. त्यांचे यजमान मंडळीचे पंच. त्या माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "सेवा वेगळी, हे वेगळं. आपल्या घरात लेकरं आहेत. तुझी पोर तीन वर्षांची आहे. तुझं अक्षर चांगलं, तू अर्ज लिही."

मी लिहिला. पाळकसाहेबांच्या सेवेशी, सविनय सादर, की सदर बंधूंसाठी स्वतंत्र पेल्याची व्यवस्था व्हावी. खाली पहिली सही माझी. पुढे अकरा घरांच्या सह्या झाल्या. कुणी जबरदस्ती केली नव्हती. मला भीती वाटत होती आणि अर्ज लिहून झाल्यावर बरं वाटलं, हे खरं ते सांगते.

पाळकसाहेबांनी सभेत अर्ज वाचला. बाई मागे बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्या उठतील, खडसावतील. त्यांनी अर्ज मागून घेतला, डोळ्यांजवळ धरून बघितला आणि विचारलं, "अक्षर कुणाचं?" मी म्हणाले, "माझं." "सुरेख हाय," असं म्हणून त्यांनी कागद परत दिला. एवढंच. आजही फळ्यावर लिहिताना कुणी माझ्या अक्षराची स्तुती केली, की ते दोन शब्द आठवून माझे कान तापतात.

तोडगा वामननेच काढला. तो म्हणाला, मला वेगळा पेला नको आणि तुमचीही अडचण नको, मी सगळ्यांच्या शेवटी बसेन. पुढच्या प्रभुभोजनाला तो ओळीच्या टोकाला गुडघे टेकून बसला. त्याच्या मागून बाई काठी टेकत गेल्या आणि त्याच्या पलीकडे बसल्या. म्हणजे शेवटचा तो नव्हता, बाई होत्या. पेला वामनकडून बाईंकडे गेला. त्या प्यायल्या आणि पदराने तोंड पुसून उठल्या. दर महिन्याला असंच व्हायचं. पुढे पाळकसाहेबांच्या पत्नी बाईंशेजारी जाऊन बसू लागल्या, मग मंडळीतले कंपाउंडरकाका. दोन घरं मंडळी सोडून दुसरीकडे गेली. मी गेले नाही, पण टोकाला जाऊन बसलेही नाही. मी सगळ्यांच्या आधी, पहिल्या ओळीत बसायची.

त्यानंतर दोनेक वर्षं गेली असतील. एका रविवारी उपासना संपल्यावर मी मुलीचा हात धरून देवळाच्या अंगणातून घाईने निघाले होते. मागून हाक आली. "मास्तरीण, थांब." बाई माझी डाव्या पायातली चप्पल हातात घेऊन उभ्या होत्या. ती दहा पावलं मागेच पायातून सुटली होती. मला कळलंच नव्हतं. मी हसले. म्हणाले, "सैल झालीय, बाई." त्या हसल्या नाहीत. "किती दिस झाले?" "काय किती दिवस?" "चप्पल सुटती आन् कळत नाय, असं किती दिस झाले?"

त्या मला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. मुलीला गुळाचा खडा देऊन ओट्यावर बसवलं. घोट्याच्या वर एक फिकट डाग होता. मी तो कितीतरी वेळा बघितला होता आणि नायटा म्हणून मलम लावून सोडून दिला होता. बाई म्हणाल्या, "डोळे मीट. कापूस लागंल तिथं बोट ठेव." कापसाची वात त्या पायावरून फिरवत होत्या. मी पोटरीवर बोट ठेवलं, गुडघ्यावर ठेवलं. मग वाट बघत बसले. बराच वेळ काहीच लागेना. डोळे उघडले, तर कापूस डागावरच टेकलेला होता.

मी रडायला लागले. पहिलं वाक्य तोंडातून आलं ते आजाराबद्दल नव्हतंच. म्हणाले, "बाई, तो अर्ज मी लिहिला होता."

"व्हय, लिव्हला होतास. आता रडू नको. पोर बाहेर हाय."

त्या मंगळवारी बाई मला सरकारी दवाखान्यातल्या चामडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, दुसऱ्याला लागण्यासारखा प्रकार नाही, पण गोळ्या काही वर्षं चुकवायच्या नाहीत. माझी शाळेतली नोकरी होती. मुलीचं पुढे लग्न व्हायचं होतं. त्या काळी हा शब्द घरात शिरला, की घराला वाळीत टाकत. मी सुधीरला सांगितलं. त्याने उठून खिडकी लावून घेतली. मग म्हणाला, "मंगळवारी मी दुसऱ्या पाळीला जात जाईन. मुलीकडे मी बघतो. तू बाईंबरोबर जा."

अशी मी दर मंगळवारी शाळेच्या आधी बाईंबरोबर पुलाखाली जाऊ लागले. गोळ्या बाई दवाखान्यातून आणायच्या आणि तिथेच माझ्या हातावर ठेवायच्या. सुरुवातीला मी नुसतं पाणी ओतायची. मग पट्ट्या बांधायला शिकले. मंडळीत कौतुक सुरू झालं. मास्तरीण किती बदलली, देवाने तिचं मन कसं वळवलं! पाळकसाहेबांनी एकदा उपदेशातही उल्लेख केला. मला बाकावर बसवेना. बाहेर आल्यावर मी बाईंना म्हणाले, "मी उभी राहून सगळ्यांना खरं सांगते." त्या म्हणाल्या, "मंडळीला कशापायी? तू तोंड फिरवलंस ते वामनकडनं. आधी त्याला सांग."

मी त्याला सांगितलं. पायाला पट्टी बांधता बांधता, खाली मान घालून. आधी हे, की मी सटाण्याची. मग डागाचं. त्याने इतकी वर्षं का लपवलंस म्हणून बोल लावला नाही. आपले बिनबोटांचे दोन्ही हात माझ्यासमोर धरले आणि म्हणाला, "गोया येळवर खाय, ताई. मी नही खाद्यात."

मी एकही गोळी चुकवली नाही. प्रभुभोजनाला मी टोकाला जाऊन बसायला लागले, वामनच्या पलीकडे, बाईंच्या आधी. लोकांना ते धैर्य वाटलं. मला माहीत होतं ती माझी जागा आहे. तीन-चार वर्षांनी डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. डाग पुसट झाला. पायाच्या त्या भागात अजूनही बधिरपणा आहे, बाकी काही नाही. बाईंनी हे कुणालाही सांगितलं नाही. मला पुन्हा कधी विचारलंही नाही.

बाईंना पुढे कमी दिसायला लागलं. सायखेड्याहून पुतण्या न्यायला आला, तर त्याला जेवू घालून परत पाठवला. "तिकडं मला कोण वळखतंय?" म्हणाल्या. जखम दिसेना म्हणून पाटावरून त्या उठल्या आणि ती जागा मला दिली. स्वतः शेजारी बसून पट्ट्यांच्या गुंडाळ्या करायच्या. कुणाची जखम कशी आहे, हे वासावरून सांगायच्या. एका थंडीत छातीत कफ झाला आणि चार दिवसांत त्या गेल्या. मी उशाशी होते. शेवटचं शहाणं वाक्य वगैरे काही नाही. "पाणी दे," म्हणाल्या, घोटभर प्यायल्या आणि झोपल्या.

अंत्यविधीला देऊळ भरलं. पुलाखालची सगळी माणसं आली आणि बाहेर अंगणात उभी राहिली. वामन एकटा आत होता. पाळकसाहेबांनी मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी घरून लिहून नेलं होतं, बाईंची सेवा, त्याग, असं सगळं. तो कागद मी घडी करून हातातच ठेवला. म्हणाले, "बाई पुलाखालच्या लोकांची सेवा करायच्या, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी माझीही केली. मला महारोग झाला होता. तुमच्या शेजारी बसत होते, तेव्हा मी गोळ्या घेत होते. बाईंनी मला बरं केलं आणि कुणाला कळू दिलं नाही." मी येऊन जागेवर बसले. सुधीरने माझा हात धरला.

बाहेर पडताना काही जण सलाम करून गेले, काही जण न करता गेले. पुढच्या आठवड्यात शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावून डॉक्टरांचा दाखला मागितला. मी दिला. त्यांनी तो वाचला, ड्रॉवरमध्ये ठेवला आणि तिसरीचा वर्ग माझ्याकडेच राहू दिला. दोन मुलांच्या आयांनी मुलं दुसऱ्या तुकडीत घातली. मी मनाशी धरून चालले होते त्यापेक्षा ते कमीच होतं.

आणि त्यानंतरच्या सोमवारी, शाळेला सुट्टी होती, भरदुपारी दारावर टकटक झाली. लीलावहिनी होत्या. सह्यांच्या वेळी आल्या होत्या त्यानंतर त्यांनी माझ्या घराची पायरी चढली नव्हती. आत येऊन त्यांनी स्वतःच दार लोटून घेतलं. पाणी दिलं, ते प्यायल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "तू त्या दिवशी बोललीस ते ऐकून आले. आमच्या सुनेच्या पाठीवर एक डाग आहे. सहा महिने झाले. ह्यांना माहीत नाही, मुलालाही माहीत नाही. कुणाला दाखवायचं?"

"सूनबाई कुठे आहे?" मी विचारलं.

"जिन्यात उभी आहे. वर यायला घाबरते."

मी दार उघडलं. जिन्याच्या वळणावर ती भिंतीला टेकून उभी होती, जेमतेम बावीस-तेवीस वर्षांची. मी खाली गेले, तिचा हात धरून तिला घरात आणलं आणि चहा टाकला. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. सकाळी आम्ही तिघी मिळून दवाखान्यात गेलो.